खाचेत बसला म्हणून सेल चार्ज होत नाही



आपल्याकडे बॅटरी म्हटलं की हातात धरायची टॉर्च, आणि तिच्यात घालतो ते सेल. आज बोलायचंय ते सेलबद्दल. पुन्हा पुन्हा चार्ज होणारे सेल आणि ते भरणारा घरातला छोटा चार्जर.

विषय निघाला आमच्या गटाच्या बैठकीत. एका वहिनींच्या शेतावर मोटारीची लाईट रात्री येते. अंधारात बांधावरून जायचं म्हणजे हातात बॅटरी हवीच, पायाखाली काय असेल सांगता येत नाही. रोज सेल विकत घेणं परवडेना म्हणून त्यांनी चार्जर आणला. त्यासोबत आलेले दोन सेल मुलाने खेळण्यात घातले. वहिनींनी घरातले दुसरे दोन पेन्सिल सेल चार्जरला लावले. आकार तोच, खाचेत बरोबर बसले, लाल दिवाही लागला. सकाळी बघतात तर सेल फुगलेले आणि बाहेर पाणी आलेलं. हाताने उचलले तर बोटांची आग व्हायला लागली.

चूक काय झाली? ते सेल साधे होते, एकदाच वापरायचे. खाच फक्त सेलची लांबी-जाडी ओळखते. आत काय आहे ते तिला कळत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं. म्हणून चार्जरला सेल लावण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. सेलवरची अक्षरं इंग्रजीत आणि बारीक असतात. वाचता आली नाहीत तर शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला सांगा.

पहिली गोष्ट, सेलवर ‘रिचार्जेबल’ लिहिलंय का? नसेल तर तो चार्जरला लावायचाच नाही. साधा सेल बाहेरून वीज देऊन नीट भरता येत नाही. आत वायू होतो, सेल फुगतो, गळतो, कधी फुटतोही. अल्कलाइन सेलमध्ये कॉस्टिक सोड्यासारखाच तीव्र क्षार असतो. साबण करणाऱ्या गटांना कॉस्टिक सोडा म्हणजे काय ते सांगायला नको. असं पाणी हाताला लागलं तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारत राहा आणि दवाखाना गाठा. आणि हो, गळालेला सेल काढताना आधी चार्जरचं बटण बंद करा, मग हातावर प्लॅस्टिकची पिशवी घालून सेल उचला.

दुसरी गोष्ट, सेल कोणत्या जातीचा आणि किती व्होल्टचा? घरगुती चार्जरमध्ये जे सेल चालतात ते बहुतेक निकेल मेटल हायड्राइड या जातीचे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. साधा सेल १.५ व्होल्टचा. पण बाजारात पेन्सिल सेलएवढाच दिसणारा लिथियमचा सेलही मिळतो. त्यावर ३.७ व्होल्ट असं असतं. डोक्याला बांधायच्या बॅटरीत जो जाड, लांब सेल असतो तोही बऱ्याचदा लिथियमचाच. लिथियमला त्याचा स्वतःचा चार्जर लागतो. तो आपल्या नेहमीच्या चार्जरला लावला तर पेटू शकतो. तसंच ३.७ व्होल्टचा सेल १.५ व्होल्टच्या वस्तूत घातला तर ती वस्तू जळते. म्हणून आकार बघून नाही, आकडा बघून ठरवायचं.

तिसरी गोष्ट, सेलमध्ये मावतं किती? सेलवर एक मोठा आकडा असतो आणि त्यापुढे ‘एमएएच’ लिहिलेलं असतं. हे अवघड वाटेल, पण पाण्यावरून बघा. एमएएच म्हणजे भांडं केवढं आहे ते. नेहमीचा पेन्सिल सेल साधारण २००० ते २५०० चा असतो, ती आपली कळशी. रिमोटमध्ये घालतो तो बारका सेल साधारण ७५० ते १००० चा, तो तांब्या. आणि चार्जरच्या पाठीवर ‘आउटपुट’ म्हणून ‘एमए’चा आकडा असतो, ती नळाची धार. पेन्सिल सेल आणि बारका सेल यांच्यासाठी काही चार्जरवर दोन वेगवेगळे आकडे असतात, ते दोन्ही बघा.

आता हिशेब. भांड्याच्या आकड्याला धारेच्या आकड्याने भागायचं आणि येईल त्याची सव्वापट करायची, कारण थोडी वीज उष्णतेत वाया जाते. सेल २००० चा आणि चार्जर २०० चा असेल तर २००० भागिले २०० म्हणजे १०, त्याची सव्वापट साडेबारा तास. त्याच धारेला ८०० चा बारका सेल लावला तर ८०० भागिले २०० म्हणजे ४, त्याची सव्वापट ५ तास. म्हणजे मोठ्या सेलसारखाच बारका सेल रात्रभर ठेवला तर तांब्या कधीच भरला, पण नळ चालूच! पाणी सांडतं तशी इथे वीज सांडते, ती उष्णता होऊन. सेल तापतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. भरत आलेला सेल कोमट लागणं ठीक आहे. हात ठेववत नाही इतका गरम झाला तर चार्जर बंद करा.

हिशेब करताना आपल्या गावची लाईट विसरू नका. चार्जर किती तास लावला ते मोजू नका, त्यातले किती तास लाईट होती ते मोजा. काही चार्जर ठरावीक तासांनी आपोआप बंद होतात. पण लाईट गेली आणि परत आली की त्यातले बरेचसे पुन्हा पहिल्यापासून तास मोजायला लागतात. अर्धा भरलेला सेल मग दीडपट भरला जातो. लाईट ये-जा करत असेल तर सेलला हात लावून बघत राहा. नवीन चार्जर घेणार असाल तर प्रत्येक खाचेला वेगळा दिवा असलेला आणि सेल भरला की स्वतः थांबणारा घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण सेल टिकतात.

स्वस्त चार्जरची आणखी एक गंमत आहे. त्यात बऱ्याचदा दोन-दोन सेल एका माळेत असतात. एकच सेल लावला तर चार्ज होतच नाही. आणि जोडीत एक मोठा, एक बारका, किंवा एक नवा, एक जुना लावला तर लहान भांडं आधी भरून सांडायला लागतं आणि मोठं अर्धंच राहतं. म्हणून जोडी मोडायची नाही. एकत्र घेतलेले, एकाच आकड्याचे सेल एकत्र वापरा, एकत्र भरा. ओळखायला सोपी युक्ती आहे. एका जोडीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्या, दुसरीवर गुलाबी. फक्त दोन्ही टोकांना नेलपॉलिश लागू देऊ नका.

मोठ्या बॅटरीच्या जाड सेलचं काय? ते रिचार्जेबल मिळतात, पण घेताना आकडा वाचा. खरा भरीव जाड सेल ८००० ते १०००० चा असतो आणि हाताला जड लागतो. काही जाड सेल मात्र फक्त २५०० चे असतात. मोठ्या डब्यात चिमूटभर हळद असावी तसं! त्यापेक्षा पेन्सिल सेल प्लॅस्टिकच्या नळकांड्यात घालून जाड करता येतो. बॅटरी त्यावरही चालते, फक्त वेळ कमी पुरते. आणि ८००० चा सेल २०० च्या धारेने भरायला ५० तास लागतील, तेव्हा आपला चार्जर त्याला पुरेल का ते आधी बघा.

कुठे कोणता सेल वापरायचा? रोज लागणारी बॅटरी, रेडिओ, मुलांची खेळणी यांना रिचार्जेबल सेल उत्तम. भिंतीवरचं घड्याळ वर्षभर एका साध्या सेलवर चालतं, त्याला साधाच ठेवा. आशाताईंच्या बीपी मशीनला किंवा ऑक्सिमीटरला रिचार्जेबल चालतात का ते मशीनच्या माहितीपत्रकात बघा. चालत असतील तर भरलेली एक जोडी जास्तीची जवळ असू द्या. घाईच्या वेळी मशीन बंद पडायला नको.

सेल पर्समध्ये चिल्लर किंवा किल्ल्यांसोबत सुटे टाकू नका. दोन्ही टोकं धातूला लागली की सेल तापतो. छोट्या डबीत ठेवा. लहान लेकरांच्या हाती लागू देऊ नका. संपलेले सेल चुलीत, उकिरड्यावर, विहिरीजवळ टाकायचे नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते घरच्या कचऱ्यापासून वेगळे ठेवून गोळा करणाऱ्यांकडे द्यायचे असतात. गटाने एक प्लॅस्टिकची बरणी ठेवली आणि तालुक्याला जाणाऱ्या कुणीतरी ती नेऊन दिली, तर सगळ्यांचं काम होतं.

वहिनींची बोटं आता बरी आहेत. मुलाच्या खेळण्यातले सेल त्यांनी परत काढून घेतले, त्यावर लाल ठिपके दिले, आणि रात्री बांधावर जाताना त्यांची बॅटरी लख्ख लागते. पुढच्या बैठकीला येताना तुम्हीही घरातले सगळे सेल आणि चार्जर घेऊन या. साधे एका बाजूला, रिचार्जेबल दुसऱ्या बाजूला करू, चार्जरच्या पाठीवरचा आकडा वाचू आणि प्रत्येकीचे तास कागदावर लिहून देऊ. तो कागद चार्जरशेजारी भिंतीवर चिकटवा, म्हणजे घरातलं कुणीही सेल लावलं तरी चूक होणार नाही.