कोलेजनची भुकटी : एजन्सी घेण्यापूर्वी

औषधांच्या दुकानांत आता कोलेजनच्या डब्यांची रांग दिसते. सुरकुत्या कमी होतील, त्वचेत ओलावा राहील, असा दावा. एजन्सी घ्यावी का, हा प्रश्न आमच्या दुकानदार बांधवांपुढे आहे.

चामड्याच्या धंद्यातल्या मंडळींना नाव नवे वाटेल, माल नाही. कातडे कमावताना जो धागेदार भाग टिकवतात तोच कोलेजन. हाडे-कातडी उकळली की जिलेटीन निघते. ते आणखी तोडले की थंड पाण्यातही विरघळणारी भुकटी होते. डब्यात असते ती हीच.

आपल्या त्वचेतले कोलेजन वयाबरोबर घटते हे खरे. पण खाल्लेली भुकटी थेट गालावर जाऊन बसत नाही, पोटात तिचे तुकडे होतात. त्यांतले काही रक्तात पोचून शरीराला नवे कोलेजन बनवायला लावतात, असे उत्पादक सांगतात. 2021 साली 19 चाचण्यांचा, 1125 माणसांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात सुमारे तीन महिन्यांत ओलावा आणि लवचिकपणा वाढल्याचे दिसले. 2025 च्या आढाव्यात 23 चाचण्या आणि 1474 माणसे होती. तिथे कंपन्यांच्या पैशाने न झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तर फायदा दिसलाच नाही! ज्याचा माल त्याचाच तराजू, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. तेव्हा गिऱ्हाइकाला छातीठोक हमी देऊ नये, असे आमचे मत आहे.

आमच्या लेखी मोठा प्रश्न दुसराच. हा माल डुकराच्या कातडीपासून, गाय-म्हशीच्या कातडी-हाडांपासून किंवा माशांच्या कातडी-खवल्यांपासून बनतो. डब्यावरचा तपकिरी त्रिकोण फक्त मांसाहारी एवढेच सांगतो, जनावर सांगत नाही. ‘बोव्हाइन’ लिहिले तरी जबिहा कसा झाला ते कळत नाही. रूप पालटल्याने हुकूम बदलतो का, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्या आलिमांना विचारावे. माशाच्या मालात हा पेच बहुतेक उरत नाही. हिरव्या चिन्हाच्या ‘कोलेजन बिल्डर’मध्ये तर कोलेजनच नसते, क जीवनसत्त्वासारखे घटक असतात. ते कोलेजन म्हणून विकू नये.

एजंट हलालचा दाखला दाखवील. तो कोणत्या संस्थेचा, कोणत्या कारखान्याचा, मुदत कधीपर्यंत, हे वाचून घ्यावे. कॅप्सूल असेल तर तिच्या टरफलाचेही विचारावे. आतली भुकटी माशाची आणि टरफल दुसऱ्याच जनावराचे, असे होऊ शकते.