हँडल कुठे अडकलं?

संपादकांनी विषय दिला तो संग्राहकांच्या लाडक्या व्हिकर्स मशीनगनचा. परदेशातले हौशी लोक तिच्यासाठी लाखो मोजतात. मुंबईत मात्र ती कुणाच्या दिवाणखान्यात येऊ शकत नाही. चाप दाबून धरला की तो सोडेपर्यंत झडतच राहणारं शस्त्र 1959 च्या शस्त्र कायद्यानं ‘प्रतिबंधित’ ठरवलं आहे. मग उरतात जुन्या लष्करी पुस्तिका, आकृत्या आणि इतिहास. त्यांतच मी गुंतलो.

कुळकथा थोडक्यात अशी. गोळीच्या धक्क्यावरच पुढची गोळी भरून घेणारी बंदूक हायरम मॅक्सिमनं 1884 च्या सुमारास केली. तिचीच हलकी, सुधारलेली आवृत्ती म्हणजे व्हिकर्स. ब्रिटिश सैन्यानं ती 1912 मध्ये घेतली आणि 1968 पर्यंत वापरली.

तिचं खरं नवल आतल्या कुलपात आहे. गोळी सुटली की नळी मागे सरकते, दोन दुव्यांचा सांधा गुडघ्यासारखा मोडतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि कापडी पट्ट्यातलं नवं आत बसतं. मिनिटाला साडेचारशे ते पाचशे वेळा. पट्टा अडीचशे काडतुसांचा. नळीभोवतीच्या खोळीत चार लिटरच्या आसपास पाणी असतं, तेही सलग माऱ्यात तीनेक मिनिटांत उकळू लागतं. वाफ दिसली तर जागा कळणार, म्हणून ती रबरी नळीनं डब्यात नेऊन पुन्हा पाणी करायची.

पण मला सर्वांत विलक्षण वाटलं ते उजव्या बाजूचं हँडल. बंदूक अडली की ते चारपैकी एका ठरावीक जागी थांबतं आणि बिघाड कुठला ते त्या जागेवरून कळतं. तिसऱ्या जागी थांबलं तर पट्टा नीट सरकत नाही. चौथ्या जागी असेल तर बहुधा काडतूसच फुसकं. काळोखात, समोरून गोळ्या येत असताना, शिपायानं हँडल चाचपायचं आणि बोटांनी निदान करायचं. यंत्रानं आपलं दुखणं इतक्या सरळपणे सांगावं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

हे कौतुक मुंबईत आल्यावर जड होतं. पहिल्या महायुद्धात, 16 ऑक्टोबर 1914 ला सहाव्या पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड मुंबईहून जहाजांनी निघाली. तिच्यात 117 वी मराठा पलटण होती. पुढे 103 वी आणि 110 वीही मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पोचली. तेव्हाच्या हिंदी पलटणीत माणसं शेकड्यांनी आणि मशीनगन फक्त दोन. या तिन्ही पलटणी तिथं कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडल्या. 147 दिवसांनी, 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून तोफा आधीच फोडून टाकल्या. माणसं कैदी होऊन वाळवंट तुडवत गेली. त्यांतली हजारो परतली नाहीत.

रत्नागिरी-साताऱ्याकडच्या किती घरांत एक भाऊ पलटणीत आणि दुसरा परळ-लालबागच्या गिरणीत होता! फेब्रुवारी 1946 मध्ये या दोन वाटा समोरासमोर आल्या. 18 तारखेला मुंबईतल्या ‘तलवार’ या नौदलाच्या केंद्रावरच्या नौसैनिकांनी संप पुकारला. नौसैनिकांच्या कॅसल बॅरॅक्सला मराठा शिपायांचा पहारा बसला. 21 तारखेला तिथं गोळीबार सुरू झाला आणि पुढे गोऱ्या तुकड्या आणल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी नौसैनिकांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव बंद झालं आणि लष्करानं रस्त्यांवर गोळ्या चालवल्या. त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली. परळमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी घुसली.

संग्राहकांच्या याद्यांत बंदुकीचा अनुक्रमांक, कारखाना, वर्ष, कुठला भाग मूळचा आणि कुठला बदललेला, हे सगळं बारकाईनं टिपलेलं असतं. तिच्यामागे कोण बसलं आणि तिच्यापुढे कोण उभं राहिलं, हे रकाने त्यांत नसतात. मुंबईतल्या एखाद्या संग्रहालयानं कधी मशीनगन मांडली, तर कूतच्या तीन पलटणींचे आकडे आणि 22 फेब्रुवारी 1946 ही तारीख मला अनुक्रमांकाच्या वर लिहिलेली हवी आहे.