केरळच्या महापुरात ट्रकवर बोटी चढवून आलेले मच्छीमार कोण होते आणि त्यात चर्चचा रोल काय होता?

‘२०१८’ हा मल्याळम सिनेमा तुम्ही पाहिला असेल. ज्यूड अँथनी जोसेफ यांचा हा सिनेमा २०२३ मध्ये भारताकडून ऑस्करसाठी पाठवला गेला होता. त्यात एक गोष्ट बघून अनेकांना प्रश्न पडला. गावं बुडाली होती डोंगराच्या पायथ्याशी आणि नदीकाठी, मग समुद्रातल्या बोटी तिथे पोहोचल्या कशा?

तर, हे सिनेमासाठी रचलेलं नाही. हे खरोखर घडलं होतं. आणि त्यामागे फक्त धाडस नव्हतं, एक तयार व्यवस्था होती.

ऑगस्ट २०१८ मध्ये नेमकं काय झालं?

त्या वर्षी १ जून ते १९ ऑगस्ट या काळात केरळमध्ये सरासरीपेक्षा सुमारे ४२ टक्के जास्त पाऊस पडला. ९ ऑगस्टला इडुक्की प्रकल्पाच्या चेरुतोणी धरणाचा दरवाजा उघडावा लागला. १९९२ नंतर पहिल्यांदाच. पुढच्या काही दिवसांत राज्यातल्या आणखी अनेक धरणांमधून पाणी सोडलं गेलं.

१५ ऑगस्टपासून परिस्थिती हाताबाहेर गेली. पंपा, पेरियार, चालकुडी या नद्यांनी पात्र सोडलं. चेंगन्नूर, रान्नी, आरन्मुळा, आलुवा, परवूर, चालकुडी या भागात घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. कोचीचा विमानतळ बंद पडला, तो २९ ऑगस्टलाच सुरू झाला. या पुरात आणि दरडींमध्ये ४०० हून अधिक माणसं गेली आणि दहा लाखांहून अधिक लोकांना छावण्यांमध्ये राहावं लागलं.

लष्कर, नौदल, तटरक्षक दल, एनडीआरएफ सगळे कामाला लागले होते. पण माणसं अडकली होती हजारो घरांच्या छतांवर, आणि तीही एकाच वेळी. चेंगन्नूरचे आमदार साजी चेरियन टीव्हीवर अक्षरशः रडत मदत मागत होते. हेलिकॉप्टर एका फेरीत मोजकीच माणसं नेतं. रबरी बोटी प्रवाहात टिकेनात.

मग बोटी कुठून आल्या?

किनाऱ्यावरून. तिरुवनंतपुरम, कोल्लम, आलप्पुळा, एर्नाकुलम इथल्या मच्छीमारांनी आपल्या फायबरच्या बोटी ट्रकवर चढवल्या, इंजिन आणि डिझेल-रॉकेलचे कॅन सोबत घेतले आणि रातोरात पूरग्रस्त भाग गाठला.

राज्य सरकारच्या आकडेवारीनुसार ६६९ बोटी आणि साडेचार हजारांहून अधिक मच्छीमार या कामात उतरले आणि त्यांनी किमान ६५ हजार लोकांना बाहेर काढलं. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी त्यांना ‘केरळचं सैन्य’ म्हटलं.

हे सगळे ख्रिश्चन होते का? नाही. मलप्पुरम आणि कोझिकोडकडचे बरेचसे मच्छीमार मुस्लीम, तर आलप्पुळा-त्रिशूर पट्ट्यातले अनेक जण हिंदू धीवर समाजाचे होते. पण दक्षिण केरळच्या किनाऱ्यावर, म्हणजे कोल्लम आणि तिरुवनंतपुरमच्या विळिंजम, पूंतुरा यांसारख्या गावांमध्ये बहुसंख्य मच्छीमार लॅटिन कॅथलिक आहेत. आणि तिथे चर्चचं जाळं कामी आलं.

लॅटिन कॅथलिक म्हणजे कोण?

केरळच्या लोकसंख्येत साधारण १८ टक्के ख्रिश्चन आहेत. पण हा एकसंध समाज नाही. सिरियन ख्रिश्चन स्वतःची परंपरा थेट सेंट थॉमसपर्यंत नेतात. त्यांच्यात जमीन, व्यापार, शिक्षणसंस्था असलेले बरेच आहेत. लॅटिन कॅथलिक मात्र मुख्यतः पोर्तुगीज काळात ख्रिश्चन झालेले, आणि त्यातला मोठा वर्ग किनाऱ्यावरचा.

१५४४ च्या सुमारास सेंट फ्रान्सिस झेवियर दक्षिण त्रावणकोरच्या किनाऱ्यावर फिरले आणि तिथल्या मुक्कुवा मच्छीमारांना त्यांनी बाप्तिस्मा दिला. हो, तेच झेवियर, ज्यांचं शव आज जुन्या गोव्यात आहे आणि ज्यांना गोव्यात ‘गोंयचो सायब’ म्हणतात.

केरळचं शिक्षण आणि आरोग्य देशात वाखाणलं जातं. पण अर्थतज्ज्ञ जॉन कुरियन यांनी १९९५ मध्येच दाखवून दिलं होतं, की मच्छीमार समाज या ‘केरळ मॉडेल’च्या बाहेरच राहिला आहे. म्हणजे पुरात जे वाचवायला आले, ते राज्यातल्या सर्वांत मागे राहिलेल्या समाजांपैकी एक होते.

चर्चने नक्की काय केलं?

किनाऱ्यावरच्या गावात चर्च हे फक्त प्रार्थनेचं ठिकाण नसतं. वाद मिटवणं, बोट बुडाली तर कुटुंबाच्या मागे उभं राहणं, सरकारी कार्यालयात अर्ज नेणं, हे सगळं धर्मगुरूंच्या घरी येऊन थांबतं. प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, वीस-तीस कुटुंबांचे छोटे गट असतात. कोणाकडे बोट आहे, कोणाचं इंजिन चालू आहे, कोण उत्तम पोहतो, हे तिथे वहीत शोधावं लागत नाही.

त्यामुळे निरोप आला तसा तो चर्चच्या लाउडस्पीकरवरून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून गावभर गेला. ट्रक जमवले गेले, बोटी चढवायला गावातले तरुण धावले. इतकी जड बोट ट्रकवर चढवायची तर डझनभर हात लागतात.

पुढचं काम किनाऱ्यावरचं नव्हतं. मच्छीमारांना समुद्र माहीत होता, पण गल्ल्या नाही. पाण्याखाली कंपाउंडच्या भिंती, लोखंडी फाटकं, विजेचे खांब लपलेले. म्हणून बोटीत वाट दाखवायला स्थानिक तरुण बसले. तरी अनेक बोटींचे तळ फाटले, इंजिनं गेली. ही बोट म्हणजे त्यांचं रोजचं पोट होतं, हे विसरायला नको.

सरकारने बोटीमागे दिवसाला ३,००० रुपये आणि इंधन जाहीर केलं. अनेकांनी जाहीरपणे सांगितलं, की माणसं वाचवण्याचे पैसे घेणार नाही. बोट दुरुस्त करून देणं मात्र वेगळं. ती भरपाई होती, बक्षीस नाही.

पाणी ओसरल्यावर काय?

बातम्या इथे संपतात, स्वयंसेवकांचं काम इथे सुरू होतं.

आधी छावण्या. चर्चचे हॉल, शाळा, कॉलेजं उघडली गेली. आलुवाच्या युनियन ख्रिश्चन कॉलेजमध्ये, जिथे १९२५ मध्ये गांधीजी येऊन गेले होते, हजारो लोक राहिले.

मग सफाई. घराघरांत गुडघाभर चिखल आणि त्यात साप. केरळमध्ये बऱ्याच घरांना विहीर असते, त्या सगळ्या विहिरी उपसून त्यात ब्लीचिंग पावडर टाकायची होती. चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका होता, म्हणून आरोग्य खात्याने डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या. कुटुंबश्रीच्या महिला, एनएसएसचे विद्यार्थी, वेगवेगळ्या पक्ष-संघटनांचे कार्यकर्ते आणि चर्चचे युवक गट एकाच गल्लीत फावडी घेऊन उभे होते.

शेवटी पुनर्बांधणी. कॅथलिक धर्मप्रांतांच्या स्वतःच्या समाजसेवा संस्था आहेत. उदाहरणार्थ, एर्नाकुलममध्ये ‘सहृदया’. त्यांच्यावर राज्य पातळीवर केरळ सोशल सर्व्हिस फोरम आणि देश पातळीवर १९६२ मध्ये सुरू झालेली कॅरिटास इंडिया. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची ‘कासा’ ही संस्था तर १९४७ पासून मदतकार्यात आहे. घरदुरुस्ती, संडास, शेळ्या-गाई, शिवणयंत्रं अशी ही वर्षभर चालणारी, फोटोत न दिसणारी कामं.

पण मदतीच्या आडून धर्मप्रसार होतो का?

हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो, आणि तो विचारायला हरकत नाही.

यासाठी १९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या मदत संस्थांनी एक आचारसंहिता बनवली. गरज पाहून मदत द्यायची, धर्म पाहून नाही, आणि मदतीचा वापर कुठलीही धार्मिक किंवा राजकीय भूमिका पुढे नेण्यासाठी करायचा नाही, हे त्यातले पहिले नियम. ती तयार करणाऱ्यांमध्ये कॅरिटासची आंतरराष्ट्रीय संघटनाही होती. म्हणजे मोजपट्टी उपलब्ध आहे. संस्था चर्चची असो, मठाची असो की मशिदीची, यादीत कोणाची नावं आहेत आणि घर मिळण्यासाठी काही अट आहे का, हे तपासता येतं.

शिवाय परदेशातून येणाऱ्या पैशांवर एफसीआरए कायद्याचं नियंत्रण आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थेकडून गावातल्या छोट्या संस्थेकडे निधी जाण्याची जुनी वाट बंद झाली आहे.

आणि त्या पुरातलं आणखी एक चित्र. बकरी ईदला, २२ ऑगस्टला, त्रिशूर जिल्ह्यात माळाजवळ मशीद पाण्यात होती, तेव्हा शेजारच्या मंदिराने नमाजासाठी आपला हॉल उघडला.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

दोन गोष्टी.

पहिली, देवगडची. पुराच्या नऊ महिने आधी, ३० नोव्हेंबर २०१७ ला, ओखी चक्रीवादळ केरळच्या दक्षिण किनाऱ्यावर आलं. इशारा उशिरा मिळाला अशी मच्छीमारांची तक्रार होती. शंभराहून अधिक जण परत आले नाहीत. त्या वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या होत्या आणि त्यांना तिथे आसरा मिळाला होता. ज्या विळिंजम-पूंतुरामध्ये ओखीने घरं उजाड केली, त्याच गावांतून पुढच्या ऑगस्टमध्ये बोटी निघाल्या.

दुसरी, ब्रह्मनाळची. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या या गावात लोक स्वतःच बोटीने बाहेर पडत होते. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली, बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. बोट होती, पण पुराच्या पाण्यात ती चालवणारे सराईत हात आणि बाकीचं बळ वेळेत पोहोचलं नव्हतं. कोकणात कोळी बांधव आहेत. कोल्हापूर-सांगलीला पूर आला तर कोणत्या बंदरातून किती बोटी, कोणत्या ट्रकने निघतील, ही यादी पावसाळ्याआधी तयार ठेवता येते.

आणि त्या मच्छीमारांचं पुढे काय झालं?

२०१९ मध्ये खासदार शशी थरूर यांनी त्यांची शिफारस शांततेच्या नोबेलसाठी केली. सत्कार झाले, सिनेमा आला.

पण किनारा खचत राहिला. तिरुवनंतपुरमच्या वलियतुरा भागात समुद्राने घरं गिळलेली कुटुंबं अनेक वर्षं गोदामात राहत होती. २०२२ मध्ये याच समाजाने लॅटिन चर्चच्या नेतृत्वाखाली विळिंजम बंदराच्या कामामुळे किनाऱ्याची धूप वाढते असं म्हणत काही महिने आंदोलन केलं. प्रकल्पाच्या बाजूने हा दावा नाकारला गेला. वाद पेटला, हिंसा झाली आणि डिसेंबरमध्ये आंदोलन मागे घेतलं गेलं.

चार वर्षांपूर्वी ज्यांना राज्याचं सैन्य म्हटलं गेलं, ते या वेळी स्वतःच्या घरांसाठी रस्त्यावर बसले होते. निरोप तेव्हाही चर्चच्या त्याच लाउडस्पीकरवरून गेला होता.