जंतूची साखर आणि रुग्णाची साखर

श्रावणातली सकाळ. दवाखाना उघडतो न उघडतो तोच खाडीपलीकडच्या वाडीतून एक आजोबा आपल्या दहा वर्षांच्या नातवाला रिक्षातून घेऊन आले. पोराला मध्यरात्रीपासून तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होत होते. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जात होती. "ओआरएस पाजलंत का?" मी विचारले. आजोबा चाचरत म्हणाले, "आशाताईंनी पुडी दिली होती, डॉक्टर. पण त्यात साखर असते ना? साखरेवर जंतू पोसतात असं वाचलं होतं. म्हटलं, जंतूंना कशाला खाऊ घालायचं?"

आजोबा निवृत्त शाळामास्तर. प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, पण तेव्हा उत्तर देत बसायला वेळ नव्हता. सलाइन लावले, नमुना प्रयोगशाळेत पाठवला. दुपारी पोरगा उठून बसला आणि मग त्याला तेच ओआरएस घोट घोट पाजले. दोन-तीन दिवसांनी अहवाल आला : कॉलरा. आपल्या जुन्या माणसांची पटकी. आरोग्य केंद्राची माणसे वाडीत गेली, विहिरीत टीसीएल पडले. मास्तरांना द्यायचे उत्तर तेवढे राहिले. ते आज लिहितो, कारण ही शंका त्यांच्या एकट्याची नाही.

कॉलऱ्याचा जंतू साखर खातो का? खातो, आणि हौसेने खातो. प्रयोगशाळेत तो ओळखतात तोच मुळी साखरेवरून. ज्या हिरव्या थरावर त्याला वाढवतात त्यात आपली घरातली साखरच घातलेली असते. ती आंबवून जंतू आम्ल तयार करतो आणि त्याच्या वसाहती पिवळ्या दिसतात. त्याचाच एक समुद्री चुलतभाऊ आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मासळीतून तोही जुलाब लावतो. पण घरातली साखर आंबवणे त्याला जमत नाही, म्हणून तो हिरवाच राहतो.

आता जंतूची मूळ वस्ती पाहू. हे घराणे समुद्राचे. कॉलऱ्याचा जंतू मचूळ पाण्यात, नदी समुद्राला मिळते तिथे, माणसाची गरज नसताना वर्षानुवर्षे सुखाने नांदतो. तिथे त्याला साखर कोण देणार? तर जवळा, कोळंबी, कुर्ल्या आणि त्यांचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे भाऊबंद. या सर्वांचे कवच कायटिन नावाच्या पदार्थाचे असते आणि कायटिन म्हणजे साखरेच्याच एका प्रकारच्या रेणूंची लांबलचक माळ. (गुडघेदुखीवर ग्लुकोसामाइनच्या गोळ्या घेतात, त्यातही बऱ्याचदा हीच कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतून काढलेली साखर असते.) जंतू कवचाला चिकटतो, माळ तोडतो आणि एकेक मणी गिळतो.

हे सारे त्याच्या जनुकांत लिहिलेले आहे. इ.स. २००० मध्ये या जंतूची संपूर्ण जनुकीय संहिता वाचली गेली. सुमारे ४० लाख अक्षरे, ३,८८५ जनुके आणि एकाऐवजी दोन गुणसूत्रे. त्यात कायटिन शोधण्याची, चिकटण्याची, तोडण्याची आणि पचवण्याची जनुके आहेत. पण खरी गंमत २००५ साली कळली. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की कवचाची साखर मिळू लागली की जंतूमधली आणखी काही जनुके जागी होतात आणि तो आजूबाजूच्या पाण्यातले मेलेल्या जंतूंचे डीएनए आत ओढून स्वतःच्या संहितेत बसवू लागतो. म्हणजे जेवता जेवता शेजाऱ्याची विद्या उचलायची! आयते ग्लुकोज मिळाले तर मात्र ही सारी यंत्रणा मंदावते.

याचे माणसाला काय? १९९२ च्या अखेरीस मद्रासमध्ये कॉलऱ्याची नवीच जात सापडली आणि थोड्याच महिन्यांत ती बंगाल-बांगलादेशात पसरली. आधीच्या कॉलऱ्याने अंगात आलेली प्रतिकारशक्ती तिच्यापुढे चालेना, म्हणून मोठी माणसेही पटापट आजारी पडली. जंतू आतून जुनाच होता. फक्त बाहेरचा अंगरखा, तोही एक प्रकारच्या साखरेचाच, बदलला होता. असा अंगरखा बनवणारी जनुके कायटिनवर वाढताना एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात, हे २००७ साली प्रयोगशाळेत करून दाखवले गेले. मरीआईचा कोप म्हणून जे आपल्या पूर्वजांनी सोसले, त्याची तयारी कुठल्याशा खाडीत कोळंबीच्या पाठीवर होत असेल, हे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी वेड्यात काढले असते.

मास्तरांच्या शंकेचे उत्तर मात्र माणसाच्या आतड्यात आहे. आतड्याला आतून बुळबुळीत थर असतो. त्या थरातही एक साखर असते, सियालिक आम्ल नावाची. रोग निर्माण करणाऱ्या कॉलरा जंतूंकडे ती पचवणारी जनुके असतात, निरुपद्रवी भावंडांकडे सहसा नसतात. २००९ साली उंदरांच्या पिल्लांवर प्रयोग झाले, तेव्हा ही जनुके बिघडवलेला जंतू आतड्यात नीट टिकाव धरू शकला नाही. याचा अर्थ असा, की जंतू आपली शिदोरी तुमच्या आतड्यातच मिळवतो. पुडी बंद ठेवली म्हणून तो उपाशी मरत नाही. मरायची वेळ येते ती रुग्णावर.

कारण ओआरएसमधली साखर जंतूसाठी नाही आणि ताकदीसाठीही नाही. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरताना मिठातले सोडियम बरोबर घेऊन जाते आणि त्यामागोमाग पाणी जाते. कॉलऱ्याचे विष पाणी बाहेर टाकणारी दारे उघडते, पण हे आत घेणारे दार त्याला बंद करता येत नाही. साखर वगळली तर मीठ-पाणी नुसते वाहून जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांकरवी पाजले. सुमारे तीस टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले.

पण प्रमाण सांभाळायला हवे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. नवा नवा दवाखाना टाकला होता. एका बाईला घाईत "साखर-मिठाचं पाणी पाजा" एवढेच सांगितले, माप सांगितले नाही. बाळ पिईना म्हणून तिने पाणी सरबतासारखे गोड केले. जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते. रात्री बाळ दुप्पट जुलाब होऊन, मान टाकून आले. जिल्ह्याच्या गावी नेल्यावर वाचले. ती माउली मला काही बोलली नाही, पण तेव्हापासून माप मी कागदावर लिहूनच देतो : उकळून गार केलेले एक लिटर पाणी, चहाचे सपाट सहा चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पुडी असेल तर पुडीच बरी. तीही पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात अख्खी घालायची, अर्धी अर्धी करायची नाही. रुग्ण ओकला तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करायचे. लघवी बंद झाली, ग्लानी आली, पिणे जमेनासे झाले तर घरी थांबू नये.

आठवड्याने मास्तर नातवाला दाखवायला आले. हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बरं. पण मला मधुमेह आहे. उद्या मला जुलाब झाले तर?" मी म्हटले, तरी ओआरएसच. लिटरभरात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. अंगातले पाणी आटले तर तुमच्या मूत्रपिंडांना त्याहून मोठा धोका. रक्तातली साखर तपासत राहू, गोळ्या-इन्सुलिनचे मला विचारा. त्यांनी खिशातून डायरी काढून तेवढे लिहून घेतले आणि नातवाला म्हणाले, "चल, मघाशी त्या दुकानात पुड्या पाहिल्या, दोन घेऊन ठेवू."