पेढीच्या गिऱ्हाइकांस स्थायी क्रमांक

जुन्या खतावणीत प्रत्येक आसामीस स्वतंत्र पान असे व त्या पानाचा आकडा हीच तिची खरी ओळख असे. रोजकीर्दीत नावासमोर खातेपान लिहिले जाई. त्यामुळे एका नावाचे दोन गृहस्थ असले तरी घोटाळा सहसा होत नसे. दिवाळीस वहीपूजन झाले की वह्या नव्या व पानेही नवी. पुढे वह्यांच्या जागी संगणक आला. पान गेले, त्याबरोबर आकडाही गेला व उरले केवळ नाव. हे किती महाग पडते, ते आम्ही अनुभवाने शिकलो.

आमच्या बेळगावच्या पेढीच्या गिऱ्हाइकांत भगवान महावीरांचे नाव धारण करणारी चार दुकाने आहेत. एक निपाणीचे, एक संकेश्वरचे व दोन गोव्यातील. सन २०२१ मध्ये आम्ही ‘ई. आर. पी. नेक्स्ट’ ही मुंबईत तयार झालेली संगणकीय व्यवस्था स्वीकारली. तीत प्रारंभी गिऱ्हाइकाचे नाव हीच खात्याची खूण धरलेली असते. तेच नाव पुन्हा घातले तर यंत्र अडवीत नाही. नावापुढे ‘१’, ‘२’ असा आकडा जोडून खुशाल नवे खाते उघडते. आता ‘१’ कोण आणि ‘२’ कोण, हे दिवाणजींनी कसे ओळखावे?

व्हावयाचे तेच झाले. निपाणीकरांनी बँकेतून पाठविलेले ८६,४०० रुपये संकेश्वरच्या खाती जमा पडले. दोन महिन्यांनी थकबाकीची यादी निघाली, तेव्हा दोन पिढ्यांच्या त्या गिऱ्हाइकास आम्ही स्वतः फोनवर तगाद्याचे कठोर शब्द ऐकविले. त्यांनी उलट उत्तर केले नाही. बँकेचा उतारा तेवढा पाठवून दिला. आम्ही त्यांचे घरी जाऊन चूक कबूल केली, चहापाणीही झाले. परंतु त्यानंतर त्यांनी आमच्याकडून तांदळाचे एक पोतेही नेलेले नाही.

यावरील उपाय आमच्या सूनबाईंनी एका दुपारी केला. ‘सेलिंग सेटिंग्ज’ या पानावर ‘कस्टमर नेमिंग बाय’ असा रकाना आहे. तेथे ‘कस्टमर नेम’ काढून ‘नेमिंग सिरीज’ निवडावयाचे. मग ‘डॉक्युमेंट नेमिंग सेटिंग्ज’ मध्ये कस्टमरसाठी क्रमांकाचा साचा लिहावयाचा : इंग्रजी ‘सी’ अक्षर, नंतर टिंब, नंतर पाच वेळा ‘#’ हे चिन्ह. प्रत्येक चिन्ह म्हणजे एक अंकाची जागा. म्हणून पहिले खाते ‘सी००००१’ होते व पुढील क्रमांक आपोआप पडत जातात. माल पुरविणाऱ्यांसाठी ‘बाइंग सेटिंग्ज’ मध्ये असाच रकाना आहे. त्यांस ‘एस’ अक्षर द्यावे.

येथे अनेकांची फसगत होते. हा बदल केवळ नव्या खात्यांस लागू होतो, जुनी खाती जुन्याच नावाने राहतात. त्यांच्यासाठी ‘रिनेम टूल’ मध्ये जुने नाव व नवा क्रमांक अशी दोन रकान्यांची यादी द्यावी लागते. त्या खात्याची बिले व जमा-नावे त्याच्याबरोबर येतात. एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती उघडली गेली असल्यास ती एकत्रही करता येतात, मात्र एकत्र केलेली पुन्हा वेगळी होत नाहीत. म्हणून आधी सर्व हिशेबाची प्रत काढून ठेवावी. जुन्या तीनशे खात्यांस हाताने क्रमांक दिले असतील तर मालिकेचा चालू आकडाही तीनशेवर आणून ठेवावा. अन्यथा यंत्र नव्या गिऱ्हाइकास पुन्हा एकपासून क्रमांक देऊ पाहते व अडते.

साच्यात सन घालावे काय? आमचे मत, घालू नये. सन घातल्यास दरवर्षी मोजणी एकपासून सुरू होते. ते बिलांस शोभते, कारण जी. एस. टी. च्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव व सोळा अक्षरांच्या आत असावा लागतो. गिऱ्हाईक मात्र वर्ष पालटल्याने पालटत नाही. गावाचे अक्षरही नको. निपाणीचा गृहस्थ उद्या कोल्हापुरास दुकान हलवील, मग क्रमांक खोटा ठरेल.

जी. एस. टी. चा पंधरा अक्षरी क्रमांकच का वापरू नये, असे काही बंधू विचारतात. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. त्यापुढील दहा अक्षरे पॅनची. एकाच धन्याची बेळगावात व मडगावात दुकाने असली तर त्याचे क्रमांक दोन होतात, आणि खेड्यातील लहान दुकानदाराची पुष्कळदा नोंदणीच नसते. तेव्हा तो क्रमांक खात्यात लिहावा, परंतु त्यास खात्याची खूण करू नये.

माल सांगावयास कधी वडील फोन करतात, कधी चिरंजीव, कधी दुकानातील नोकर. या सर्वांची नावे व फोन ‘कॉन्टॅक्ट’ म्हणून त्या एकाच क्रमांकास जोडावे. व्यवहार थांबलेले खाते पुसू नये, ‘डिसेबल’ करून ठेवावे. आम्ही आता बिलाच्या माथ्यावर हा क्रमांक छापतो व रक्कम पाठविताना तो लिहावा अशी विनंती करतो. निम्मे लोक लिहितात. उरलेल्यांस दिवाणजी फोन करून विचारतात आणि मगच जमा करतात.