ओहोटीपुरते अभयारण्य

ऐरोली आणि वाशीच्या पुलांमध्ये, एका काठाला भांडुप-विक्रोळीची मिठागरे आणि दुसऱ्या काठाला नवी मुंबईच्या इमारती, अशा पट्ट्यात ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य आहे. २०१५ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग खारफुटीचा, उरलेला पाण्याचा आणि चिखलाचा. २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातले हे तिसरे रामसर स्थळ. पावसाळा सरल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून, फ्लेमिंगो म्हणजेच रोहित पक्षी येऊ लागतात आणि मे महिन्यापर्यंत त्यांची संख्या लाखाच्या घरात असते. त्यांना पाहायचे तर मात्र कॅलेंडरपेक्षा पंचांग हाताशी असलेले बरे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा जुना हिशेब. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे भर दुपारी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास भरती आणि सकाळ-संध्याकाळ ओहोटी. चिखल उघडा पडला की पक्षी पसरतात, पण पाणी फारच उतरले तर बोट रुतते. त्यामुळे बोटीची फेरी या दोहोंच्या मधली वेळ साधून सोडावी लागते.

या हिशेबात आपण फक्त ओहोटीचे तास मोजतो. उरलेल्या तासांत, चिखल पाण्याखाली गेल्यावर, हे पक्षी कुठे असतात? अभयारण्याचा प्रश्न खरा इथे सुरू होतो. रोहित गरज पडल्यास तरंगू शकतो, पण त्याला विसावायला उथळ पाणी लागते. त्याच्याबरोबर येणाऱ्या तुतवार आणि चिखल्यांचे पाय तर बोटभर. भरती आली की त्यांना खाडी सोडावीच लागते. मग ही सगळी मंडळी नेरूळच्या एनआरआय वसाहतीमागची आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेलगतची पाणथळ जागा, तिथल्याच डीपीएस शाळेजवळचा डीपीएस तलाव, भांडुपची तळी, उरणकडचे पाणजे अशा ठिकाणी जातात. यातल्या बहुतेक जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. ताट राखले आणि अंथरूण उघड्यावर टाकले, अशी ही व्यवस्था. पक्ष्याच्या लेखी दोन्ही मिळून एकच अधिवास आहे. त्याचे दोन तुकडे नकाशावर पडले, ते आपण पाडले.

यावर पहिला आक्षेप जरा खोचक असतो, आणि तो निराधार नाही. रोहित इथे येतो तो निसर्ग शाबूत आहे म्हणून नव्हे, तर सांडपाण्यामुळे. मग त्याचे एवढे कौतुक कशाला? मुंबई-ठाण्याच्या सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस खाडीत उतरतो, त्यावर शेवाळ माजते आणि इथे येणाऱ्या दोन जातींपैकी छोट्या रोहिताचे ते मुख्य अन्न. त्याच्या चोचीतली जाळी फार बारीक असते; मान उलटी करून तो पाण्यातले सूक्ष्म नीलहरित शेवाळ गाळून घेतो. मोठ्या रोहिताची जाळी त्या मानाने जाड असल्याने तो बारीक कवचधारी जीव आणि किडे वेचतो. म्हणूनच दोघे एकाच चिखलात फारसे भांडण न करता चरतात. आफ्रिकेत हाच छोटा रोहित सोड्याने भरलेल्या खाऱ्या सरोवरांत राहतो, जिथे इतर फारसे काही जगत नाही. तेव्हा गुलाबी थव्याचे छायाचित्र खाडी स्वच्छ असल्याचा दाखला म्हणून वापरणाऱ्यांनी जरा थांबावे. याच खाडीतले मासे घटल्याची कोळ्यांची तक्रार जुनी आहे. पण एवढे सगळे मान्य करूनही भरतीच्या जागा राखायला हव्यात, हा निष्कर्ष बदलत नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया झालीच पाहिजे, त्याने रोहितांची संख्या कमी झाली तरी चालेल. खारफुटीतली कोल्ही, चिखलावर उड्या मारणारी निवटी, चित्रबलाक, शेकाटे, कुरव यांना सांडपाण्याची गरज नाही. पाणथळ जागांची गरज त्या सर्वांना आहे.

दुसरा आक्षेप विमानांचा. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर एका विमानाची धडक बसून सुमारे चाळीस रोहित मेले. आता नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे. मग पक्षी जवळ ठेवणे धोक्याचे नाही का? धोका खरा आहे. पण तलाव बुजवला म्हणून थवा गुजरातेत परत जात नाही. जोवर चिखलात अन्न आहे, तोवर भरतीच्या वेळी तो दुसरी सपाट, ओली जागा शोधतच राहणार, आणि अशी जागा धावपट्टीच्या आसपासही असू शकते. ठरलेल्या तलावांकडे ठरलेल्या वेळी जाणाऱ्या थव्यांचा अंदाज बांधता येतो. हुसकावलेल्या थव्यांचा येत नाही. उडत्या जिवाला जागेचे बंधन कसले, असे म्हणणारेही भेटतात, पण दिवसातून दोनदा चुकवावी लागणारी भरती त्याच्या पंखांना नेमके तेच बंधन घालते.

घरांसाठी जमीन हवी, हा तिसरा मुद्दा टाळता येणार नाही. पण या तलावांचे मूल्य त्यांच्या क्षेत्रफळात नाही. डीपीएस तलाव अवघा तीस एकरांचा. शहराचा घरांचा प्रश्न त्याने सुटणार नाही, आणि त्याचे खाडीशी असलेले पाण्याचे नाते तुटले तर भरतीचा एक मोठा थारा मात्र जाईल. नाते तोडायला भरावही लागत नाही. भरतीचे पाणी आत आणणारी वाट बुजवली तरी पुरते. म्हणून जागा नुसती नकाशावर राखून भागत नाही, पाण्याची ये-जा राखावी लागते. खारफुटीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आणि पन्नास मीटरचा संरक्षक पट्टाही मानला. खारफुटी नसलेल्या उघड्या तळ्याला असा भक्कम आधार मिळणे अवघड जाते; कुणाच्या नजरेला ते पडीक जमीनच वाटते.

२०२५ मध्ये डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली. दिशा बरोबर आहे, पण एका तलावाने हा हिशेब पुरा होत नाही. नेरूळ आणि उरणच्या उरलेल्या भरतीच्या जागांनाही तोच दर्जा मिळायला हवा, आणि त्यांच्या पाण्याच्या वाटांची जबाबदारी एकाच यंत्रणेकडे हवी. यंदा ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाणाऱ्यांनी एक फेरी भरतीच्या वेळी नेरूळच्या काठावरही जरूर मारावी, दुर्बीण घेऊन, आणि तलावात पाणी येते की नाही तेही पाहावे.