उत्तम शुक्रवारची तहान

तरुणपणी माझ्या हातून एक चूक झाली. आमच्या गल्लीत एक ख्रिस्ती मास्तर राहत. शाळेत मराठी शिकवत. माझ्या पहिल्या कविता त्यांनीच तपासल्या. एकदा गुड फ्रायडेला पांढरे कपडे घालून ते चर्चला निघाले होते. मी उत्साहाने म्हणालो, "मास्तर, सणाच्या शुभेच्छा!" ते थांबले आणि म्हणाले, "अरे, मोहरमच्या दहाव्या दिवशी तुला कुणी शुभेच्छा दिल्या, तर कसं वाटेल?"

मी ओशाळलो. आज मोबाइलवर 'हॅपी गुड फ्रायडे'चे निरोप फिरतात, तेव्हा मला मास्तर आठवतात. 'गुड' या शब्दाचा इथला जुना अर्थ पवित्र असा आहे. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक या दिवसाला 'उत्तम शुक्रवार' म्हणतात. येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळले, तो हा दिवस. आनंद दोन दिवसांनी, ईस्टरच्या रविवारी.

नगर जिल्ह्याला हा दिवस परका नाही. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजने इथल्या चर्चमधून आजही गायली जातात. उत्तम शुक्रवारी अनेक चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना चालते. क्रुसावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर एकेक प्रवचन होते. पहिला उद्गार मारेकऱ्यांना क्षमा मागणारा, तिसरा आईला शिष्याच्या हाती सोपवणारा. पाचवा अगदी साधा आहे, तहानेचा. कॅथलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा होत नाही. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने घेत प्रार्थना करतात.

चर्चच्या हिशेबात २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या आधीचा शुक्रवार हा उत्तम शुक्रवार. आमचे हिजरी वर्ष मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. त्यामुळे २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षे उत्तम शुक्रवार रमजानमध्ये आला. एकाच दुपारी मशिदीत जुम्म्याची नमाज आणि चर्चमध्ये सात उद्गार.

२०२३ मध्ये मास्तरांना एकट्याने चालवत नव्हते. मी रिक्षाने त्यांना चर्चला नेले. घरातून निघताना एका नातलगाने मला अडवले. "आपण हजरत ईसांना पैगंबर मानतो, पण ते सुळावर गेले असं मानत नाही. मग तू तिथे बसून काय करणार?"

प्रश्न खोटा नव्हता. कुराणाची शिकवण तशीच आहे आणि माझी श्रद्धाही तीच आहे. मास्तरांना हे ठाऊक होते. त्यांनी मला कधी पटवायचा प्रयत्न केला नाही, मीही त्यांना नाही. मुस्लिमबहुल इंडोनेशियात या दिवशी सरकारी सुट्टी असते. तिथल्या सरकारला क्रुसाची कथा मान्य करावी लागत नाही. शेजाऱ्याचा शोक मान्य केला की पुरते. मी नातलगाला एवढेच सांगितले, "मास्तरांना हात धरायला कुणीतरी हवं."

पहिली प्रवचने ऐकून मी जुम्म्याला गेलो आणि परतलो, तेव्हा पाचवा उद्गार सुरू होता. एप्रिलचे ऊन, तोंडाला कोरड. तहान हा शब्द कानावर पडला आणि मला करबला आठवली. फुरातचे पाणी जवळ असून हुसेन आणि त्यांची लेकरे तहानलेली राहिली. म्हणून तर मोहरमात आपल्या नगरच्या रस्त्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सरबत पाजतात. पिणाऱ्याची जात-धर्म कुणी विचारत नाही. श्रद्धा वेगळ्या राहिल्या, पण त्या दुपारी तहान मला समजली.

तीन वाजता उपासना संपली. माणसे न बोलता बाहेर पडली. मास्तरांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, माझ्याकडे पाहिले आणि ती परत ठेवू लागले. मी म्हणालो, "प्या मास्तर, तुमच्या गोळीची वेळ झाली."

मास्तर भिंतीकडे वळले आणि माझ्याकडे पाठ करून दोन घोट प्यायले.